आठवणी त्यांच्या, लेखन तुमचं: मुंबईत शब्दांकनाचं स्वतंत्र काम कसं सुरू करावं

सांगण्यासारखं पुष्कळ आहे पण लिहायला जमत नाही, अशी माणसं मुंबईत गल्लोगल्ली आहेत. परळला चाळीस वर्षं दवाखाना चालवलेले डॉक्टर, बेस्टमधून निवृत्त झालेले अधिकारी, एका गाळ्यातून सुरुवात करून वसईला कारखाना उभा केलेले उद्योजक, पंचाहत्तरी गाठलेल्या शिक्षिका. मुलांना वाटतं की बाबांच्या, आईच्या आठवणींचं पुस्तक व्हावं. त्यासाठी वहीसुद्धा आणलेली असते. पहिली दोन पानं भरलेली असतात आणि पुढची कोरी.

ते पुस्तक त्यांच्या नावाने आणि त्यांच्या बोलीत लिहून देणाऱ्या माणसाची गरज इथे पडते. कुठे त्याला घोस्ट रायटर म्हणतात, कुठे शब्दांकनकार. हे काम करायला लेखणी चांगली हवी, हे उघड आहे. पण माझ्या मते त्याहून जास्त लागतं ते ऐकणं. पुस्तक कसं होणार, किती दिवस लागणार, किती पैसे मागायचे, शेवटी वाद होणार की नाही, हे सगळं मुलाखतीत बसलेल्या तासांवर ठरतं. म्हणून या लेखात मी करार, पैसे आणि मुलाखत यांवर जास्त लिहिलं आहे. बाकीचं थोडक्यात.

कोणतं काम घ्यायचं

सुरुवातीला आत्मचरित्राच्या मागे लागू नका. लहान कामं आधी येतात आणि तीच शिकवतात. गृहनिर्माण सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, शाळेच्या शताब्दी अंकातलं अध्यक्षांचं मनोगत, एखाद्या व्यावसायिकाच्या नावाने दिवाळी अंकात जाणारा लेख, कंपनीच्या संचालकांसाठी लिंक्डइनवरच्या पोस्ट, सत्काराच्या कार्यक्रमातलं भाषण. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा चालत आली आहे, आणि या अंकांचं लेखन पावसाळ्यातच हातावेगळं व्हावं लागतं. त्यामुळे असं काम हवं असेल तर मे-जूनमध्येच लोकांशी बोलायला लागा. गणपतीनंतर विचारून उपयोग नसतो.

नावाच्या बाबतीत तीन पद्धती दिसतात. पहिलीत तुमचं नाव कुठेच येत नाही. दुसरीत आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून येतं. मराठी आत्मकथनांमध्ये ही रीत जुनी आणि मानाची आहे. तिसरीत ऋणनिर्देशात दोन ओळी येतात. नवख्या माणसाने दुसऱ्या पद्धतीचा आग्रह जरूर धरावा, कारण पुढच्या गिऱ्हाईकाला दाखवायला काहीतरी लागतं. नाव अजिबात येणार नसेल तर त्याचे पैसे जास्त मागावेत. कामाचा पुरावा सोडून देण्याची ती किंमत आहे आणि ती मागताना संकोच करायचं कारण नाही.

एक काम मात्र सरळ नाकारा: प्रबंध, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, शोधनिबंध. आत्मकथन दुसऱ्याकडून लिहून घेणं हा उघड आणि मान्य व्यवहार आहे. पदवीसाठी दुसऱ्याकडून प्रबंध लिहून घेणं ही परीक्षेतली फसवणूक आहे. पैसे लवकर मिळतात म्हणून सुरुवातीला मोह होतो, पण त्या वाटेने जाऊ नये.

दाखवायला नमुना

‘तुम्ही आधी काय लिहिलंय?’ हा पहिला प्रश्न येणार. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवायचं. आपल्याच घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीला तास-दीड तास बोलतं करा. आवाज मुद्रित करा. त्यातून हजार-दीड हजार शब्दांचं एक प्रकरण त्यांच्या तोंडचं म्हणून लिहा आणि त्यांची परवानगी घेऊन नमुना म्हणून ठेवा. मग दुसरा नमुना अगदी वेगळ्या माणसाचा करा. पहिला गिरणीत काम केलेल्या काकांचा असेल, तर दुसरा पार्ल्याच्या एखाद्या संगीतशिक्षिकेचा. दोन्ही एकाच हाताने लिहिलेले आहेत असं वाचणाऱ्याला वाटलं, तर अजून सराव हवा. वाटलं नाही, तर तुम्ही काम मागायला तयार आहात.

नमुन्यातलं शुद्धलेखन निर्दोष हवं. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम पाठ असलेले बरे. काही जुन्या छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टप्रणालींवर काम चालतं, तिथे युनिकोडमधला, म्हणजे आपण फोनवर-संगणकावर सर्रास टाइप करतो तसा, मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं बिघडतात. त्यामुळे मुद्रितं (प्रुफं) आपल्याला वाचावीच लागणार, हे धरून चाला.

पहिलं काम कुठून येतं

संकेतस्थळांवर नाव नोंदवा, हरकत नाही. पण मराठी पुस्तकांची कामं मुंबईत अजून ओळखीतूनच फिरतात. कोणाला पुस्तक काढायचं आहे, हे सगळ्यांत आधी कळतं ते छापखानेवाल्याला आणि डीटीपी करणाऱ्याला, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्याला. स्मरणिका छापणारे दादर-गिरगावातले लोक रोज पाहतात की मजकूर अर्धवट येतो, विस्कळीत येतो, आणि तो नीट करायला कोणी नसतं. त्यांना भेटा, नमुना द्या, स्मरणिकेचं एखादं लहान काम करून द्या. त्यानंतर प्रकाशनसंस्थांचे संपादक. त्यांच्याकडे चांगल्या विषयाचं पण कच्चं हस्तलिखित घेऊन लोक येतात, आणि संपादकाला पुनर्लेखन करणारा भरवशाचा माणूस हवाच असतो. ज्येष्ठ नागरिक संघ, ज्ञातिसंस्था, शाळांचे माजी विद्यार्थी मंडळ, सनदी लेखापाल, या सगळ्यांकडे पंचाहत्तरीच्या आणि सुवर्णमहोत्सवाच्या तारखा असतात. लोअर परळ किंवा बीकेसीतल्या कंपन्यांचं काम हवं असेल तर तिथे मराठीसोबत इंग्रजीही लागते, आणि गाठ जनसंपर्क विभागाशी पडते.

भेटायला जाताना एका पानाचं पत्रक पुरे: तुम्ही काय करता, कसं करता, किती वेळ लागतो, फोन नंबर. दर त्यावर छापू नका.

पहिली भेट

या भेटीत लिहिण्याबद्दल कमी बोला. तीन गोष्टी काढून घ्या. पुस्तक कोणासाठी आहे, घरच्यांसाठी की बाजारात विकायला? पैसे कोण देणार, सांगणारे स्वतः की मुलगा? आणि मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत ठरलेलं नसतं. काका एक मंजूर करतात, सूनबाई दुसरंच सुचवतात आणि पुण्याचा भाऊ तिसरं. मंजुरी देणारी व्यक्ती एकच असेल, हे त्याच दिवशी ठरवून घ्या आणि करारात तिचं नाव घाला.

सांगणारी व्यक्ती खरंच सांगू इच्छिते का, हेही पाहा. पुष्कळदा हौस मुलांची असते आणि आजोबा नुसतेच हो म्हणतात. अशा वेळी पूर्ण पुस्तक न ठरवता आधी दोन बैठकांचं काम घ्या, त्याचे वेगळे पैसे घ्या, मग ठरवा.

कागद आधी

ओळखीचे आहेत, करार कशाला, असं म्हणून कामाला बसू नका. आधी करार करा, मग ध्वनिमुद्रण चालू करा. कारण कायद्यातच आहे. स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत असताना मालकासाठी लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क मालकाचा असतो. स्वतंत्रपणे काम करणारा लेखक मात्र नोकर नसतो. त्यामुळे समोरच्याने पैसे दिले एवढ्यावर हक्क आपोआप त्यांच्याकडे जात नाही. तो लेखी आणि सही करून हस्तांतरित करावा लागतो. या हस्तांतरात काय लिहिलं नाही, यालाही महत्त्व आहे. मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास ते हस्तांतर संपतं. घरगुती पुस्तकं दोन-दोन वर्षं रखडतात, म्हणून हे शेवटचं कलम दोन्ही बाजूंना ठाऊक असलं पाहिजे.

म्हणून करारात सरळ लिहावं: पुस्तकाचे सर्व हक्क, संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, शेवटचा हप्ता मिळाल्याच्या दिवशी सांगणाऱ्याकडे जातील. ‘शेवटचा हप्ता मिळाल्याच्या दिवशी’ हे शब्द गाळू देऊ नका. तुमच्या हातात तेवढीच एक दोरी असते.

याशिवाय कायद्याच्या ५७व्या कलमात लेखकाचा आणखी एक हक्क आहे. स्वामित्व दिल्यावरही आपण लेखक असल्याचं सांगण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. गुप्त लेखनात याचा संबंध थेट येतो. नाव जाहीर न करण्याचं तुम्ही कबूल करत असाल, तर ते वेगळ्या कलमात स्पष्ट लिहा आणि तो शब्द पाळा. त्याच कलमात अपवादही लिहून घ्या: नव्या गिऱ्हाईकाला खासगीत हे काम दाखवता येईल का, किती पानं, नाव झाकून की नाव घालून.

करारात आणखी काय हवं? अंदाजे शब्दसंख्या. मुलाखतींचे कमाल तास. बदलांच्या दोन फेऱ्या आणि त्यापुढच्या फेरीचा दर. काम मध्येच थांबलं तर काय (ज्येष्ठ माणसांच्या बाबतीत आजारपणाचा आणि मृत्यूचाही विचार करावा लागतो, तेव्हा वारसांपैकी कोण पुढे बोलणार ते लिहा). माहिती खरी असल्याची जबाबदारी सांगणाऱ्याची, हेही लिहा. ध्वनिमुद्रणं कोणाची आणि किती काळ ठेवायची. आणि आता एक नवं कलम लागतं: कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरणार का, आणि कशासाठी. मी सांगेन की या माणसांनी विश्वासाने बोललेलं घरातलं भांडण, आजार, पैशांची अडचण कुठल्याही फुकट साधनात टाकू नये. मजकूर टाइप करायला साधन वापरलं तर तसं त्यांना आधी सांगावं.

करारासाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, तेवढा खर्च धरा. मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला एकदा मसुदा दाखवून घ्या. पुढे तोच मसुदा प्रत्येक कामाला थोडाफार बदलून चालतो.

पैशांचा हिशोब

‘पानाला किती घेता?’ असंच सगळे विचारतात. पानाला दर सांगितला की घात होतो, कारण आपला सगळ्यात जास्त वेळ पानावर दिसतच नाही. तासांचा हिशोब करा आणि सांगताना एकच रक्कम सांगा.

उदाहरण म्हणून डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकाराचं दोनशे पानांचं पुस्तक घेऊ. साधारण ५०,००० शब्द. दीड-दीड तासाच्या दहा बैठका म्हणजे १५ तास बोलणं. तुम्ही डोंबिवलीला राहता आणि सांगणारे पार्ल्याला, तर जाऊन-येऊन तीन तास धरा, म्हणजे ३० तास प्रवास. तासाभराचं मुद्रण हाताने उतरवून घ्यायला चार तास सहज जातात, ते झाले ६०. आराखडा १०. लेखन तासाला ३०० शब्दांच्या वेगाने १६५. तारखा-नावं तपासणं २५. बदलांच्या दोन फेऱ्या ४०. मुद्रितं वाचणं १५. बेरीज ३६० तास.

आता महिन्याला तुम्हाला ४०,००० रुपये मिळायला हवेत असं समजा. स्वतंत्र काम करणाऱ्याचे सगळे तास पैसे देणारे नसतात. भेटीगाठी, हिशोब, वाट पाहणं यात बरेच जातात. महिन्याला १०० तास कामाचे धरा. म्हणजे तासाला ४०० रुपये, आणि पुस्तकाचे १,४४,०००. हा आकडा ऐकून समोरचे दचकतील. तेव्हा रक्कम कमी करू नका, काम कमी करा. दहाऐवजी सहा बैठका, दोनशेऐवजी एकशेवीस पानं, किंवा मुलाखती उतरवून घेण्याचं काम त्यांच्या नातवाने करायचं. तासांचा तक्ता समोर ठेवला की बोलणी भावाची राहत नाहीत, कामाची होतात.

नोकरी सांभाळून करणार असाल तर हेच पुस्तक सात-आठ महिने घेईल. तसंच सांगा.

हप्ते असे मागावेत: सही होताना २५ टक्के, मुलाखती संपून आराखडा मान्य झाल्यावर २५, पहिला मसुदा दिल्यावर ३०, अंतिम मसुद्याला २०. ‘पुस्तक प्रकाशित झाल्यावर’ हा टप्पा कधीही मान्य करू नका. प्रकाशन पाहुण्यांच्या तारखेवर, सभागृहावर आणि प्रकाशकाच्या सवडीवर असतं, तुमच्या कामावर नसतं. विक्रीतल्या हिश्श्याच्या आशेवर फी सोडणंही नवख्याने टाळावं. घरगुती आठवणींच्या प्रती बहुतेक भेट म्हणूनच वाटल्या जातात. निवडणुकीच्या काळातलं भाषणांचं काम घ्यायचं तर पूर्ण रक्कम आधी.

कंपन्या व्यावसायिक फी देताना १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो आयकर विवरणपत्र भरताना हिशोबात येतो, म्हणून पॅन बिलावर घाला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, दलालाला पैसे देऊ नका. तिचा फायदा असा की २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम देण्याआधीची हवी. कंपनीला पाठवायच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखाविभाग ते बिल सहसा बाजूला टाकत नाही. तरीही थकलं तर या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

मुलाखत

आता मुख्य कामाकडे येऊ.

बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. सत्तरीपुढच्या माणसाचा आवाज तासाभराने उतरतो, आणि त्यानंतर मिळतात त्या आधीच शंभरदा सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टी. वेळ सकाळी नाश्त्यानंतरची किंवा चार वाजताची. दोन साधनांवर मुद्रण ठेवा. फोन असेल तर तो विमान मोडवर. मुंबईच्या घरांत पंखा, कुकर, खालचा रस्ता आणि शेजारचा दुरुस्तीचा ड्रिल हे चौघे कायम हजर असतात. मुद्रणयंत्र पंख्याखाली न ठेवता त्यांच्या छातीजवळ, उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पहिली दोन मिनिटं ऐकून पाहा, मगच पुढे जा. रोज घरी पोचल्यावर प्रत काढून ठेवा.

पहिल्या बैठकीत जन्मापासून सुरुवात करू नका. जन्म, गाव, शाळा यांची उत्तरं तयार असतात आणि ती सरकारी अर्जासारखी येतात. घरातल्या वस्तूंपासून सुरू करा. जुना अल्बम, सेवापुस्तक, पहिल्या खोलीची पागडीची पावती, रेशनकार्ड, पासबुक. रेशनकार्डावरची नावं वाचत गेलं की गावाहून आलेला चुलतभाऊ कधी बिऱ्हाडात राहत होता, एका खोलीत किती जण झोपत होते, बाळंतपण कुठे झालं, हे सगळं आपोआप निघतं.

‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न शक्यतो विचारू नका. उत्तर येतं, ‘वाईट वाटलं.’ त्याऐवजी विचारा: त्या दिवशी घरी कशाने गेलात? घरी कोण होतं? जेवायला काय होतं? कोणाला आधी सांगितलंत? तपशिलातून भावना येते आणि ती त्यांची स्वतःची असते. ते थांबले की तुम्हीही थांबा. मध्ये शब्द पुरवण्याची घाई करू नका. सगळ्यात मोलाचं वाक्य बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येतं.

वर्षं कोणाला नीट आठवत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण मुंबईकराला घटना आठवतात, त्यांचा आधार घ्या. ट्राम चालू होत्या का तेव्हा? (शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली.) कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर? (११ डिसेंबर १९६७.) शेजाऱ्यांकडे टीव्ही आला होता? (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं.) आणीबाणी लागली होती? (जून १९७५.) गिरणी संपात तुम्ही कामावर होता की गावी? (संप १८ जानेवारी १९८२ पासून.) कपिलने विश्वचषक उचलला तेव्हा मुलगी झाली होती? (२५ जून १९८३.) बॉम्बस्फोट झाले त्या दुपारी कुठे होता? (१२ मार्च १९९३.) २६ जुलैच्या पावसात घरी कसे पोचलात? (२००५.) अशी एक यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. संपाबद्दल कोणी ८३ म्हटलं, तर त्यांना चुकीचं न ठरवता पुढचा प्रश्न विचारता येतो: बदली कामगार होता तेव्हा की कायम झाला होता? दोन खुणा जुळल्या की साल सापडतं.

बाईंच्या पुस्तकाला नवऱ्याशी आणि काकांच्या पुस्तकाला काकूंशी एक स्वतंत्र बैठक करा. पुरुष नोकरीतल्या बढत्या सांगतात. त्या काळात घर कोणी चालवलं, दागिने कधी गहाण पडले, हे काकूंनाच माहीत असतं. पुस्तकात ते घ्यायचं की नाही, हे अर्थात काकांशी आणि काकूंशी बोलून ठरवायचं.

आणि ‘हे लिहू नका’ असं कोणी म्हटलं, की त्यांच्या देखत मुद्रण थांबवा. आधीचं मुद्रित झालेलं असेल तर वेळ टिपून ठेवा आणि तो भाग उतरवूच नका. हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला की माणसं मोकळी होतात.

बोलण्याचं पान करताना

तासाभरात माणूस सहा हजारांच्या आसपास शब्द बोलतो. पंधरा तासांचे झाले नव्वद हजार. त्यातून पन्नास हजारांचं पुस्तक काढायचं म्हणजे जवळजवळ निम्मं गाळायचं. काय गाळायचं, यातच कारागिरी आहे. नमुन्यादाखल रचलेला हा एक उतारा पाहा. बोलणं असं:

‘म्हणजे काय झालं, वडील गेले ना, तेव्हा मी सातवीत असेन. नाही, आठवीत. आठवीतच. तर आईने मला सांगितलं की बाबा, आता तू काय ते बघ. म्हणजे तसं बोलली नाही ती. तिने पातेलं ठेवलं समोर. रिकामं. बस्स. दुसऱ्या दिवशी मी शेटकडे गेलो.’

नवखा लेखक लिहितो: ‘पितृछत्र हरपल्याने कोवळ्या वयातच माझ्या खांद्यावर कुटुंबाची जबाबदारी येऊन पडली.’ हे वाक्य कोणाचंही असू शकतं. त्यात पातेलं नाही, शेट नाही, आईचं न बोलणं नाही. आता हे:

‘वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. आई काही बोलली नाही. तिने रिकामं पातेलं माझ्यासमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी शेटकडे गेलो.’

शब्द जवळजवळ सगळे त्यांचेच आहेत. अडखळणं गेलं, क्रम लागला, बस्स. शेवटचं प्रूफ वाचताना त्यांच्या बायकोने ‘हे असंच बोलतात’ म्हटलं पाहिजे, हाच कस.

त्यासाठी प्रत्येक माणसाचा एक आवाजाचा कागद ठेवा. ते ‘घर’ म्हणतात की ‘खोली’? ‘शिफ्ट’ की ‘पाळी’? रजेला ‘खाडा’ म्हणतात का? मालवणी, आगरी, वऱ्हाडी शब्द कुठे येतात, रागात की प्रेमात? वाक्यं लांब की तुटक? शिवी देतात का, आणि ती छापायची आहे का? निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाट बहुतेक पुस्तकांना चालते. पण माणूस सगळंच बोलीत सांगत असेल आणि त्याला ते तसंच हवं असेल, तर प्रमाण भाषेच्या हट्टाने त्याचा आवाज मारू नका.

आधी पूर्ण पुस्तक न लिहिता एक प्रकरण लिहून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. डोळे अधू असलेल्यांसाठी हे लागतंच, पण इतरांसाठीही करा. चेहऱ्यावर लगेच कळतं. इथे सूर जमला की पुढच्या बदलांच्या फेऱ्या लहान होतात.

तपासणी आणि अब्रू

आठवणीतल्या सार्वजनिक गोष्टी तपासाव्याच लागतात. जुन्या वर्तमानपत्रांसाठी आणि संदर्भग्रंथांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दादर सार्वजनिक वाचनालय, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. सरकारी कागदांसाठी फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. जाण्याआधी वेळा आणि सभासदत्वाचे नियम विचारून घ्या.

भाऊबंदकी, भागीदाराने केलेला धोका, कचेरीतला साहेब, या गोष्टी आल्या की सावध व्हा. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात बदनामी हा गुन्हा आहे, आणि मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही, तिच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असेल तर, त्यात येऊ शकतो. ‘खरं आहे’ एवढाच बचाव पुरत नाही. ते सांगणं सार्वजनिक हिताचं असावं लागतं. म्हणून आरोप असेल तिथे तीन प्रश्न विचारा. कागद आहे का? नाव आवश्यक आहे का? हा प्रसंग काढला तर पुस्तक अडतं का? पुष्कळदा ‘माझा एक भागीदार’ एवढ्यावर काम भागतं. कंपनी वगैरे ओळखू येण्यासारखी असेल तर प्रकाशनाआधी वकिलाकडून वाचून घ्यायला सांगा, आणि तो खर्च त्यांचा. सांगणारे केंद्राच्या गुप्तचर किंवा सुरक्षा संस्थेतून निवृत्त झालेले असतील, तर खात्याची पूर्वपरवानगी लागते का, हे मुलाखतीआधीच विचारा.

छपाईपर्यंत

मसुदा कागदावर, मोठ्या अक्षरात, दोन ओळींत जागा सोडून द्या. सूचना एकाच व्यक्तीकडून आणि एकाच प्रतीवर घ्या. व्हॉट्सअॅपवर सुट्या आलेल्या सूचनांची यादी करून ‘एवढंच ना?’ असं लेखी विचारा आणि मग हात लावा. प्रकाशक घरच्यांच्या खर्चाने पुस्तक काढत असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, मिळवणं, मुखपृष्ठ, प्रती या गोष्टी त्याच्या. घरचे स्वतःच काढत असतील तर हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत असं त्यांना सांगा. शेवटचं मुद्रित तुम्ही वाचा, आणि नावांची यादी, म्हणजे सुना-जावई-नातवंडं-शेजारी, घरातल्या दोघांकडून तपासून घ्या. पुस्तकात चुकलेलं एक नाव घरातली माणसं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

शेवटचा हप्ता आला की हक्कांच्या हस्तांतराचं पत्र सही करून द्या. मुद्रणांचं पेनड्राइव्ह घरच्यांच्या हाती द्या, पोच घ्या, आणि करारातली मुदत संपल्यावर आपल्याकडच्या प्रती पुसा. प्रकाशनाला बोलावलं तर जा, नाव गुप्त ठरलेलं असेल तर ओळख विचारणाऱ्याला ‘घरच्यांचा स्नेही’ एवढंच सांगा. आणि आठवडाभराने फोन करून विचारा, त्यांच्या ओळखीत अजून कोणाला लिहून हवं आहे का. समारंभाला आलेल्या माणसांपैकी कोणीतरी तोवर त्यांना ‘हे तुम्ही कोणाकडून करून घेतलंत?’ असं विचारलेलं असतं.